न्याय कुणाचा झाला आणि कुणाचा राहिला

प्रिय ताई, प्रभूच्या नावानं सलाम.

तुमचं पत्र सावकाश वाचलं. नाव-गाव वगळून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. तुमची मोठी बहीण परभणीकडं दिली होती. नवरा मारायचा. काही वर्षं तिनं सोसलं, मग लेकरू घेऊन ती जालना जिल्ह्यात माहेरी आली आणि पुढं कोर्टातून घटस्फोट झाला. माहेरच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ती लग्नाआधीपासून संडे स्कूल शिकवायची, गायनात बसायची. आता तिला ‘सध्या थोडं थांबा’ असं सांगण्यात आलंय. घरप्रार्थनेत एका वडीलधाऱ्या बाईंनी ती समोर बसलेली असताना ‘प्रभू, कुटुंबं मोडणाऱ्या आत्म्याला बांध’ अशी मोठ्यानं प्रार्थना केली. तिचा नवरा मात्र त्याच्या मंडळीत आजही तरुण संघाचा सेक्रेटरी आहे.

तुम्ही विचारता: ‘पाळकसाहेब, दोष काढू नका असं प्रभूनं स्पष्ट सांगितलं असताना आपलेच लोक एकमेकांचा न्याय का करत बसतात? ख्रिस्ती माणसानं बिनचूकच असलं पाहिजे का? आणि मला या सगळ्यांचा संताप येतो, मग मीही त्यांचा न्यायच करतेय ना?’

पाळकपणाची वर्षं जालना, संभाजीनगर, बीड या भागात गेली. निवृत्तीनंतरही घटस्फोट, दारू, पळून जाऊन केलेली लग्नं, पैशाचे घोळ असल्याच गोष्टी घेऊन माणसं दाराशी येतात. त्या आधारावर सांगतो, आणि सुरुवात कदाचित तुम्हाला आवडणार नाही. ‘न्याय करू नका’ हे वचन तुमच्या बहिणीच्या बाजूनं ढाल म्हणून धरू नका. तुमच्या मंडळीनं न्याय केला ही तक्रार चुकीच्या जागी बसते. मंडळीनं न्याय केलाच नाही, ही खरी तक्रार आहे. केला असता, तर तो तिच्या नवऱ्यापासून सुरू झाला असता.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय सगळ्यांना पाठ असतो, पण पहिली ओळच: दोष काढू नका, न्याय करू नका. तो उतारा पाचव्या ओवीपर्यंत वाचा. आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असं प्रभू म्हणतो. कुसळ राहू दे, असं तो म्हणत नाही. डोळ्यातलं कुसळ दुखतं, ते निघालंच पाहिजे. पुढच्याच ओवीत कुत्र्यांपुढं पवित्र वस्तू टाकू नका, डुकरांपुढं मोती टाकू नका, असं आहे. म्हणजे समोर कोण आहे हे ओळखायचंही सांगितलंय. डोळे मिटून घ्या हा त्या अध्यायाचा अर्थ कधीच नव्हता. मनाई आहे ती देवाच्या खुर्चीवर बसण्याची: माणसाच्या आयुष्याचा शेवटचा निकाल देऊन त्याला मोडीत काढण्याची.

त्याच मत्तयाच्या अठराव्या अध्यायात रीतसर वाट दिलीय. भावानं अपराध केला तर आधी एकांतात जाऊन त्याला सांग. नाही ऐकलं तर एक-दोघांना बरोबर ने. तरीही नाही, तर मंडळीला कळव. मंडळीचंही ऐकलं नाही, तर तो तुला परराष्ट्रीय आणि जकातदार यांच्यासारखा होवो. आता हे शुभवर्तमान कुणाच्या नावानं आहे? जकात नाक्यावरून उठवलेल्या मत्तयाच्या. लोक ज्यांना टाळायचे त्या जकातदारांच्या पंगतीला प्रभू कसा बसला हे मत्तयाला घरच्या जेवणावळीतून माहीत होतं. तेव्हा त्या शेवटच्या पायरीचा अर्थसुद्धा ‘तोंड बघू नका’ असा लावताना जरा थांबावं लागतं.

आपल्याकडं ही वाट उलटी चालते. आधी सगळ्या मंडळीला कळतं, मग एक-दोन जण घरी येतात, आणि ज्याचा प्रश्न आहे त्याच्याशी एकांतात बोलायला कुणीच येत नाही. त्यात आता व्हाट्सअ‍ॅप ग्रुप. ‘अमक्या कुटुंबासाठी प्रार्थना करा, जास्त सांगू शकत नाही’ असा निरोप पडतो आणि दुपारपर्यंत जास्तीचं सगळं सांगून झालेलं असतं. प्रार्थनाविनंतीच्या वेष्टणात गेलेली कुचाळकी आमच्या मंडळ्यांत जितकी चालते तितकी दारूही चालत नसेल, आणि दारू कमी चालत नाही. त्या बाईंची प्रार्थना याच जातीची. देवाशी बोलायचं होतं तर मनात बोलता आलं असतं. ते बोलणं बहिणीसाठी होतं, देवाला फक्त मध्ये बसवलं.

प्रेषित पौलाचं करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र घ्या, पाचवा अध्याय. एका माणसानं बापाच्या बायकोशी संबंध ठेवलाय आणि मंडळी गप्प आहे, उलट फुगलेली आहे, म्हणून पौल चिडलाय. बाहेरच्यांचा न्याय करणं माझं काम नव्हे, आतल्यांचा तुम्ही करायचा नाही काय, असं तो विचारतो. यावरून लोक म्हणतात, बघा, बाहेर काढायची मुभा आहे. आहे. पण त्या उताऱ्यात पौलाचा रोख कुणावर आहे? जो घरातल्या माणसाशी दुष्टपणा करतोय आणि तरी मंडळीत मानानं बसलाय त्याच्यावर. परभणीकडं आज कोण मानानं बसलंय ते तुम्ही मला लिहिलंच आहे. आणि करिंथच्या दुसऱ्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात, पौल एका शिक्षा झालेल्या माणसाबद्दल लिहितो: बहुतेकांनी दिलेली शिक्षा त्याला पुरे, आता क्षमा करा, धीर द्या, नाहीतर अति दुःखानं तो गिळला जाईल. तो पाचव्या अध्यायातलाच माणूस की दुसरा, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला त्यातला ‘पुरे’ महत्त्वाचा वाटतो. शिस्तीला शेवट असतो. तुमच्या बहिणीला ‘सध्या थांबा’ म्हटलं, त्या ‘सध्या’ला तारीख आहे का?

मग आपण असं का करतो? नुसतं ‘माणसाचा स्वभाव’ म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या भागात त्याला इतिहास आहे आणि तो तुमच्या जिल्ह्यातून जातो.

जालन्याजवळचं बेथेल तुम्हाला माहीत असेलच. ते गाव एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्रींनी वसवलं, स्कॉटिश मिशनच्या कामातून, निजामाच्या मुलुखात. शेषाद्री जन्मानं ब्राह्मण. १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन होता आणि तोही मिशनऱ्यांकडं राहायला गेला होता. बाप कोर्टात गेला आणि कोर्टानं मुलगा बापाच्या ताब्यात दिला. खरं वादळ त्यानंतर उठलं. ख्रिस्ती लोकांत राहून, त्यांच्या हातचं खाऊन आलेला हा मुलगा पुन्हा जातीत घ्यायचा की नाही? बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत घेण्याचा पक्ष धरला, तर सनातनी मंडळींनी खुद्द बाळशास्त्रींवर बहिष्काराचं हत्यार उपसलं. एका पोरानं काय खाल्लं यावरून मराठीतल्या पहिल्या वृत्तपत्राच्या संपादकाला वाळीत टाकायची भाषा झाली!

शेषाद्रींच्या घरची ही गोष्ट मी तरुण संघात सांगतो तेव्हा पोरं हसतात, त्या लोकांना हसतात. मग मी विचारतो, आपल्या मंडळीत कुणाला प्रभुभोजनापासून, म्हणजे भाकरी-द्राक्षरसाच्या विधीपासून, किती वर्षं दूर ठेवलंय? हसणं थांबतं. वाळीत टाकणं ही सवय आपण बाप्तिस्म्याच्या पाण्यात सोडून आलो नाही, बरोबर घेऊन आलो. आपल्यातल्या बहुतेकांचे पणजोबा गावकुसाबाहेरचे. वाळीत टाकण्याचा मार त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला. ज्यांनी तो खाल्ला त्यांना निदान ते हत्यार उचलताना हात कापायला हवा होता.

दुसरं, मिशन कंपाउंड, म्हणजे मिशनऱ्यांचं आवार. जुन्या काळी शाळामास्तर, उपदेशक, बायबलबाई, दवाखान्यातली नर्स, माळी, सगळ्यांचा पगार मिशनचा. पगार, राहायची खोली आणि प्रभुभोजन तिन्ही एकाच साहेबाच्या हातात. तुम्ही दारू प्यालात, पोरीचं लग्न हिंदू विधीनं लावलं, गावच्या जत्रेत हलगी वाजवायला गेलात, तर ते पापही होतं आणि रोजीरोटीचा प्रश्नही. अशा ठिकाणी शेजाऱ्याचं पाप ही माहिती असते आणि माहितीला किंमत असते. साहेब गेले, निजामही गेला, पण कंपाउंडमधली नजर राहिली. (मिशनऱ्यांना सरसकट नावं ठेवायचा माझा हेतू नाही. दुष्काळात आणि प्लेगात त्यांनी जे केलं ते आमच्या घराण्यांच्या आठवणीत आहे.)

तिसरं कारण बाहेरच्यांचं. दुष्काळाच्या वर्षांत आपल्याकडं पुष्कळ बाप्तिस्मे झाले आणि ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा कायमचा चिकटला. मग प्रत्येक पिढीनं सिद्ध करायचं की नाही हो, आम्ही खरे आहोत. एखाद्याच्या घरात भांडण झालं की पहिली ओरड ‘आपली साक्ष बिघडते’ अशी, म्हणजे आपल्या वागण्यातून लोकांना दिसणारा विश्वास डागाळतो. बाई मार खाते त्यानं साक्ष बिघडत नाही, ती मार खाऊन बाहेर पडली की बिघडते, कारण बाहेर पडणं दिसतं. मुठीएवढ्या समाजाला अब्रू सांभाळावीशी वाटते हे मला समजतं. पण तिची किंमत प्रत्येक वेळी घरातल्या सगळ्यात दुबळ्या माणसाकडूनच वसूल होते, तेव्हा तिला साक्ष म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आमच्या मंडळ्यांत कशाकशावर बोललं जातं याची मनातल्या मनात यादी करून बघा. पोरींचे कपडे, कुणी कुणाबरोबर पळालं, कोण पिऊन आला, कोण रविवारी शेतात गेला. आता कशावर बोललं जात नाही ते बघा. लग्न जमवताना विचारली जाणारी जात. हो, चार पिढ्या ख्रिस्ती असूनही. हुंडा, ज्याला आपण ‘मुलीला खुशीनं दिलं’ म्हणतो. जुन्या मिशनच्या जमिनींचे व्यवहार आणि मंडळीच्या हिशेबाची वही. आणि घरातली मारहाण. दुबळ्याचं पाप त्याच्या पाठीमागं चघळलं जातं, वजनदाराचं पाप त्याच्या तोंडावरसुद्धा काढलं जात नाही. कुठल्याही मंडळीत न्याय चाललाय की नुसती निंदा, हे ओळखायची माझी खूण एवढीच: ज्याच्याबद्दल बोललं जातंय तो उलटून काही करू शकतो का? करू शकत नसेल, तर समजा.

म्हणूनच ‘न्याय करू नका’ हे वचन सरसकट वापरायला मी घाबरतो. खजिनदाराला हिशेब विचारला की तो हेच वचन काढतो. पाळकानं कुणाशी गैरवर्तन केलं तर त्याचे लोक हेच काढतात, वर ‘अभिषिक्ताला हात लावू नका’ हेही जोडतात. तुमच्या मेहुण्याकडं उद्या कुणी गेलं तर तोही हेच म्हणेल, लिहून ठेवा.

आता दुसरा प्रश्न: ख्रिस्ती माणूस बिनचूक असावा का?

‘जसा तुमचा स्वर्गीय पिता पूर्ण आहे तसे तुम्ही पूर्ण व्हा’ हे मत्तय पाच, अठ्ठेचाळीस. हे वचन एकटं फळ्यावर लिहिलं की छातीत धडकी भरते. पण त्याच्या आधीच्या ओव्या वैऱ्यावर प्रीती करण्याच्या आहेत: पिता आपला सूर्य वाईटांवर आणि चांगल्यांवर उगवतो, नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पाऊस पाडतो. मराठवाड्यात पाऊस म्हणजे काय हे कुणी कुणाला शिकवायला नको. जूनमध्ये ढग आला तर तो ख्रिस्ती वस्तीचं शिवार आणि पाटलाचं शिवार वेगळं काढत नाही. त्या अर्थानं पूर्ण व्हा, माणसं निवडून प्रीती करू नका, असं तिथं सांगितलंय. लूक याच जागी ‘जसा तुमचा पिता दयाळू आहे तसे तुम्ही दयाळू व्हा’ असं लिहितो. त्या वचनावरून घटस्फोटित बाईला गायनातून उठवणारा माणूस ते वचन पाळतच नाही.

पवित्रतेची शिकवण आपल्या आजूबाजूला जोरात आहे आणि ती मी हलक्यात काढत नाही. बिदरच्या बाजूनं मेथडिस्ट मंडळ्या, वाशीम-बुलढाण्याला नाझरेन. दोघांचं मूळ अठराव्या शतकातला इंग्रज उपदेशक जॉन वेस्लीपर्यंत जातं. वेस्लीनं ख्रिस्ती पूर्णतेवर भरपूर लिहिलं, पण त्यानंही साफ सांगितलं की पूर्ण झालेला माणूस अज्ञानातून, चुकीतून, दुबळेपणातून किंवा मोहातून सुटत नाही. पूर्णता प्रीतीची असते. शिवाय वेस्लीनं नुसता उपदेश केला नाही, दहा-बारा माणसांचे वर्ग केले. दर आठवड्याला बसायचं आणि जिवाचं कसं चाललंय ते एकमेकांना सांगायचं. ही सोय टाकून आपण फक्त मागणी ठेवली. माणसाकडं पवित्रता मागायची आणि पडल्यावर सांगायला एक कोपराही द्यायचा नाही, मग माणूस लपवणार. लपवलेली दारू उघड्या दारूपेक्षा लवकर मारते, हे मी संभाजीनगरच्या घाटी दवाखान्याच्या वॉर्डांत बघितलंय.

वैजापूर-गंगापूरकडच्या कॅथलिक बांधवांकडं पापनिवेदन आहे, म्हणजे धर्मगुरूजवळ एकांतात पाप कबूल करणं. तिथं ऐकलेलं धर्मगुरू बाहेर बोलला तर त्याच्या चर्चचा कायदा त्याला थेट बहिष्कृत करतो, इतकं ते कडक आहे. आम्ही प्रोटेस्टंटांनी ती खोली बंद केली आणि तिच्या जागी दुसरी बांधली नाही. ‘एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा’ हे याकोबाच्या पाचव्या अध्यायात आमच्याही शास्त्रात आहे, पण कबूल करायचं तर तोंड बंद ठेवणारा माणूस लागतो. आमच्याकडं साक्षीची सभा असते, आणि साक्षीत सगळं संपल्यावरच सांगायचं असतं: पूर्वी मी प्यायचो, आता नाही. आज पितोय आणि सुटत नाही, असं बोलायला जागा कुठंय?

बिनचूक मंडळी उभी करण्याचा प्रयोग जुना आहे. इ.स. २५० मध्ये रोमन सम्राट डेसियसनं सगळ्यांना देवतांपुढं बलिदान करायला लावलं. पुष्कळ ख्रिस्ती घाबरून वाकले. छळ ओसरल्यावर ते रडत परत आले तेव्हा रोममध्ये नोवेशियन नावाच्या पुढाऱ्यानं म्हटलं, यांना परत घ्यायचं नाही, मंडळी शुद्ध राहिली पाहिजे. त्यानं वेगळी चूल मांडली आणि ती काही शतकं टिकली. पुढं ३२५ साली नायसियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेच्या वेळी त्या पंथाचा अकेसियस नावाचा बिशप सम्राट कॉन्स्टंटाइनला भेटला. तुम्ही वेगळे का, असं विचारल्यावर त्यानं ही सगळी शुद्धतेची कहाणी सांगितली. त्यावर सम्राट म्हणाला, ‘अकेसियस, शिडी लाव आणि एकट्यानंच स्वर्गात चढ.’ सॉक्रेटीस नावाच्या पाचव्या शतकातल्या इतिहासकारानं ही गोष्ट लिहून ठेवलीय. राजे लोक धर्मावर बोलू लागले की मी सहसा कान झाकतो, पण हे वाक्य मला आवडतं.

आफ्रिकेत शुद्ध मंडळीचा असाच आग्रह धरणाऱ्या डोनाटस पंथाशी बिशप ऑगस्टीनचा हाच वाद झाला, आणि त्यात प्रभूचा निदणाचा, म्हणजे गव्हातल्या तणाचा, दृष्टान्त मध्यभागी आला. आमच्या शेतकरी लोकांना तो दृष्टान्त पटत नाही, हे मी गमतीनं नाही सांगत. गव्हात तण दिसतंय आणि मालक म्हणतो कापणीपर्यंत दोन्ही बरोबर वाढू द्या? ‘खुरपणी केली नाही तर पीक हाती येतं का, पाळकसाहेब?’ असं एका आजोबांनी भर उपदेशात मला विचारलं होतं. त्यांचं बरोबर होतं. मालकालाही ते माहीत आहे. त्याची भीती वेगळी आहे: तुम्ही तण उपटायला गेलात तर गहूही उपटाल, कारण तुम्हाला दोन्हीतला फरक कळत नाही. ज्याला फरक कळतो त्यानं खुरपं हातात घ्यावं ना. तुमच्या मंडळीत गव्हाला हात घातला गेला. डोनाटसवाले म्हणायचे, शेत म्हणजे जग, मंडळी नव्हे, आणि तसं प्रभूनं स्वतःच सांगितलंय. तेही खोटं नाही. म्हणून त्या एका दृष्टान्तावर मी सगळी शिस्त गुंडाळून ठेवत नाही.

बहिणीच्या घटस्फोटाबद्दल थोडं स्पष्ट बोलतो, कारण मंडळीतले लोक अर्धवट ऐकून बोलतात. करिंथच्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल बायकोनं नवऱ्याला सोडू नये म्हणतो आणि लगेच, सोडलंच तर लग्न न करता राहावं किंवा समेट करावा, असंही म्हणतो. म्हणजे वेगळी झालेली बाई त्याच्या डोळ्यांसमोर होती आणि ती मंडळीतच होती. कॅथलिक चर्च घटस्फोट मानत नाही, तरी तिथंही नुसता कोर्टाचा घटस्फोट झाला आणि दुसरं लग्न केलं नाही, तर प्रभुभोजन बंद होत नाही. आपल्या बायकांसाठी कायदाच किती वर्षं वाकडा होता बघा. १८६९ च्या ख्रिस्ती घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे होतं; बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरपणा किंवा सोडून देणंही सिद्ध करावं लागायचं. नुसत्या मारहाणीवर तिला घटस्फोट मिळत नव्हता. हे २००१ साली बदललं. संसदेला ते कळायला एकशे बत्तीस वर्षं लागली, तर घरप्रार्थनेतल्या बाईंना अजून थोडी लागणार असतील. पण तोवर तुमच्या बहिणीनं का थांबायचं?

शिवाय महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे. जातपंचायतींनी चालवलेला छळ पाहून तो आला; तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मंडळीला कोर्टात खेचा असं मी म्हणत नाही, भावाभावांचे खटले कोर्टात गेले की काय उरतं ते आपण जमिनींच्या भांडणात बघितलंय. पण कमिटीत कुणी ‘हा आमचा अंतर्गत धार्मिक मामला आहे’ असं ठसक्यात म्हणालं, तर त्या माणसाच्या कानावर हे जरूर घाला.

तुमचा तिसरा प्रश्न मला सगळ्यात प्रामाणिक वाटला. बहिणीवरचा अन्याय बघून संताप येणं म्हणजे न्यायाच्या खुर्चीत बसणं नव्हे. संदेष्ट्यांना संताप यायचा. पण संतापाला चव लागते, आणि मग दृष्टान्तातल्या स्वतःला नीतिमान समजणाऱ्या परुश्यासारखी आपलीही प्रार्थना होते, परुशी बदलतो फक्त: ‘देवा, मी त्या घरप्रार्थनेवाल्या बाईसारखी नाही म्हणून तुझे आभार.’ तुम्ही पत्रात त्यांच्या सुनेबद्दलही चार ओळी लिहिल्यात. त्या ओळींची या प्रश्नाला गरज नव्हती, म्हणून वर मी त्या घेतल्या नाहीत. जे त्यांच्या समोर बसून सांगू शकाल तेवढंच मागं बोला. तसं केलंत तर बोलण्यासारखं फार थोडं उरतं आणि जे उरतं ते वजनाचं असतं.

आता करायचं काय. सगळ्यात आधी बहिणीला विचारा, तिला काय हवंय. माझ्याकडं येणाऱ्यांत अर्धी लढाई नातेवाइकांची असते आणि ज्याच्यासाठी चाललीय त्याला फक्त झोप हवी असते. तिला काही महिने दुसऱ्या मंडळीत शांत बसायचं असेल, तर बसू द्या. त्याला विश्वासत्याग म्हणू नका आणि कुणी म्हणालं तर ऐकू नका. लेकराच्या खर्चाचं, पोटगीचं काम नीट झालंय का तेही याच ओघात बघा, उपदेशात ते राहून जातं.

तिची हरकत नसेल तर त्या बाईंकडं जा. तुम्ही आणि बहीण, किंवा एकट्या तुम्ही, बरोबर वचनांची यादी न घेता. दुपारच्या वेळी, घरात गर्दी नसताना. ‘मावशी, तुम्ही प्रार्थना केलीत त्या दिवसापासून ताई सभेला यायला घाबरते. तिच्या पाठीवर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे का?’ एवढं विचारा आणि थांबा. या पिढीतल्या बायांशी बोलताना मला पुष्कळदा दिसलंय की ज्या सगळ्यात कडक असतात त्यांनी स्वतः खूप सोसलेलं असतं. ‘मी सोसलं, तिनं का नाही’ हा हिशेब आत चालू असतो. त्यांच्या नवऱ्याचं काय होतं ते त्या तुम्हाला सांगतीलही. सांगितलं तर ते ग्रुपवर टाकू नका.

मग पाळकांना भेटा आणि एकच प्रश्न विचारा: तिला थांबवायचं कुणी ठरवलं? उत्तर बहुधा ‘तसं ठरलं’ असं येईल. कुणी ठरवलं, कोणत्या सभेत, ठराव कुठं आहे? कमिटीच्या वहीत असा ठराव निघत नाही, हा माझा अनुभव आहे. कुणीतरी कुणाला म्हणालेलं असतं, पाळकांना भांडण नको असतं, आणि ‘सध्या थांबा’ हा निरोप कुणाच्याही सहीशिवाय तुमच्या दारात येतो. ठराव नसेल तर मनाईही नाही. येत्या रविवारपासून तिनं वर्गावर जावं. ठराव असेल तर त्याची प्रत मागा आणि तिला बोलावून तिचं म्हणणं ऐकलं होतं का ते विचारा. पाळकांवर फार तुटून पडू नका. पाळकाच्या बायकोची साडी आणि पोरांचे मार्क याच नजरेखालून जातात, तोही याच चरकात आहे.

परभणीकडच्या मंडळीला एक पत्र जायला हवं. ते बहिणीनं लिहावं असं नाही. तुमच्या पाळकांनी तिथल्या पाळकांना लिहावं, मत्तय अठराची ती दुसरी-तिसरी पायरी आहे. त्यात तिचं दुःख रंगवायची गरज नाही. तारखा, दवाखान्याचे कागद, कोर्टाचा निकाल यांच्या प्रती जोडायच्या आणि विचारायचं की हा भाऊ पदावर असताना त्याच्याशी कुणी बोललं का, आणि त्यानं पश्चात्तापाचं काय दाखवलं. त्याला चारचौघांत नागवा करायचा उद्देश नाही. गलतीकरांच्या सहाव्या अध्यायात सौम्य वृत्तीनं ताळ्यावर आणा म्हटलंय, आणि ताळ्यावर आणणं म्हणजे पदावरून उतरवणंही असू शकतं, कारण हात उगारणाऱ्याच्या हाती तरुण पोरं सोपवायची नसतात.

तुमचे पाळक असं पत्र लिहायला का-कू करतील, तर बहिणीच्या सहीनं साध्या कागदावर अर्ज करून बिशपसाहेबांच्या कार्यालयात द्या. टपालानं पाठवण्यापेक्षा हातोहात द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या आणि ती प्रत घटस्फोटाच्या निकालाच्या फायलीतच ठेवा. अर्जाची भाषा जमत नसेल तर कच्चा खर्डा मला पाठवा, मी बघून देतो.